कौल मागावा कोणाला?

वाचकहो, तुमच्या गावात देवाला कौल लावतात का? कोकणातले असाल, तर हे विचारायचीही गरज नाही. गुरव देवाच्या पाषाणाला भिजवलेले तांदूळ, फुलांच्या पाकळ्या नाहीतर कळ्या चिकटवतो. मानकरी हात जोडून गाऱ्हाणे घालतो. मग सारी मंडळी त्या पाषाणाकडे टक लावून बसतात. उजव्या अंगाची कळी आधी पडली तर उजवा कौल, काम करावे. डाव्या अंगाची पडली तर डावा, थांबावे. ठिकठिकाणी रीत थोडी निराळी असेल, पण मूळ गोष्ट हीच. गोमंतकात यालाच प्रसाद घेणे म्हणतात. घाटावर कौलाचा रिवाज तितका नाही, पण देवापुढे चिठ्ठ्या टाकणे तिकडेही सर्वांना ठाऊक आहे.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर प्रसिद्धच आहे. तिची तारीख पंचांगातल्या तिथीवरून ठरत नाही. देवीचा कौल घेऊन ती ठरवतात. तारीख जाहीर झाली, की मुंबईत लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत कोकणी माणसांच्या घरांत रजा आणि तिकिटांची धावपळ सुरू होते. गावच्या देवळात पडलेला कौल मुंबईच्या चाळीतले दिनमान बदलतो, तो असा.

आता या लालबागहून भायखळ्याच्या बाजूने दक्षिणेकडे चालू लागलात, तर तासाभरात तुम्ही माझगावला पोहोचाल. हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड हे तिथले स्टेशन. जवळच नवाब टँक रोडवर एक जुनी, लहानशी इमारत आहे. लाल रंगाची दारे, आत उदबत्त्यांचा वास, लाल कागदी कंदील. हे चिनी लोकांचे देऊळ. त्याचे नाव सी यूप कून. १९१९ साली ते बांधले. चीनच्या दक्षिणेला कँटन शहराच्या आसपास जे चार परगणे आहेत, त्यांना तिकडच्या बोलीत 'सी यूप' म्हणतात. त्या भागातून बोटींवर काम करणारे खलाशी आणि व्यापारी मुंबईला आले, गोदीजवळ राहिले आणि त्यांनी आपला देव येथे बसवला. अगदी आपल्या चाकरमान्यांसारखेच म्हणा ना!

या देवळातला मुख्य देव ग्वान यू. तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला एक योद्धा. दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून लोकांनी त्याला देवपण दिले. त्याच्याबरोबर ग्वान यिन ही करुणेची देवताही आहे. ती मूळची आपलीच. बौद्धांचा अवलोकितेश्वर चीनमध्ये गेला आणि कालांतराने तिथे देवीच्या रूपात पुजला जाऊ लागला. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत अवलोकितेश्वराच्या मूर्ती आजही पाहायला मिळतात.

पण मला तुम्हांला सांगायचे आहे ते निराळेच. या देवळात बांबूच्या नळकांड्यात काड्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक काडीवर आकडा. भाविकाने प्रश्न मनात धरायचा आणि नळकांडे हलवत राहायचे. एक काडी बाहेर पडते. तिच्या आकड्याची चिठ्ठी शोधायची आणि तीत काय लिहिले आहे ते वाचायचे. चिनी देवळांतून आणखी एक रीत आढळते. चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट आल्या तर देव नुसता हसला म्हणायचे! तुमचा प्रश्नच नीट नाही, पुन्हा विचार करा, असा त्याचा अर्थ.

तुम्ही म्हणाल, हा तर आपला उजवा-डावा कौलच झाला. खरेच आहे. आणि म्हणूनच या चिनी कौलाचा इतिहास आपण समजून घ्यावा असे मला वाटते. कारण कौलाचे पुढे काय होऊ शकते, माणूस देवाला विचारता विचारता स्वतःला कसा विचारू लागतो, हे त्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

ही गोष्ट सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीची. चीनमध्ये शांग घराण्याचे राज्य होते. राजाला काही विचारायचे असले, की कासवाच्या पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड घेत. त्याला मागून खाचा पाडीत आणि तिथे तापलेल्या निखाऱ्याचा चटका देत. हाड तडकले, की त्या तड्यांवरून उत्तर काढीत. पाऊस पडेल का? लढाईवर जावे का? राजाचे दात दुखतात, ते कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे? असे नाना प्रश्न. पुढे हाडांवर तारीख, विचारणाऱ्याचे नाव आणि प्रश्न कोरून ठेवीत. ही हाडे जमिनीत गाडली गेली. पुढे शेतकऱ्यांच्या नांगराला लागू लागली, तेव्हा लोक 'ड्रॅगनची हाडे' म्हणून ती औषधाला विकू लागले! १८९९ साली पेकिंगमधल्या वांग यीरोंग नावाच्या विद्वानाच्या लक्षात आले, की यांवर अक्षरे आहेत. १९२८ पासून आन्यांग येथे रीतसर उत्खनन सुरू झाले. आजवर असे दीड लाखाच्या आसपास तुकडे सापडले आहेत. चिनी लिपीचे सर्वांत जुने मोठे भांडार ते हेच.

त्यांतल्या एका तुकड्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. वू डिंग नावाच्या राजाची राणी फू हाओ गरोदर होती. बाळंतपण सुखाचे होईल का, असा प्रश्न लावला. राजाने तडे पाहिले आणि सांगितले, की अमुक दिवशी झाले तर चांगले, तमुक दिवशी झाले तर फारच शुभ. पुढे त्याच हाडावर कोरलेले आहे, की एकतीस दिवसांनी, भलत्याच दिवशी राणी बाळंत झाली. शुभ झाले नाही, मुलगी झाली.

मुलगी झाली म्हणून अशुभ, हे वाचून आपल्याला वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. विशेष म्हणजे ही फू हाओ स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जाणारी राणी होती. १९७६ साली तिची समाधी सापडली, तीत शस्त्रांचा मोठा साठा निघाला. पण या हाडातली दुसरी गोष्ट पाहा. राजाचा अंदाज चुकला, आणि तो चुकला हे राजाच्याच माणसांनी कोरून ठेवले. प्रश्न काय होता, आपण काय समजलो आणि झाले काय, हे तिन्ही एका ठिकाणी लिहिले. आपल्यापैकी किती जण असे करतात? खरा ठरलेला कौल आपण दहा जणांना सांगतो. खोटा ठरलेला विसरून जातो.

पुढे इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात शांग घराणे बुडाले आणि चौ घराणे आले. हाडे हळूहळू मागे पडली आणि काड्या पुढे आल्या. यारो नावाच्या रोपट्याच्या पन्नास काड्या घ्यायच्या. त्यांतली एक बाजूला ठेवायची. उरलेल्या एकोणपन्नास वाटत, मोजत जायचे आणि त्या मोजणीतून एकेक रेघ काढायची. रेघा दोनच प्रकारच्या. अखंड रेघ म्हणजे यांग आणि मधोमध तुटलेली रेघ म्हणजे यिन. अशा सहा रेघा खालून वर मांडल्या, की एक आकृती तयार होते. अशा आकृत्या चौसष्ट. प्रत्येक आकृतीला नाव आहे आणि प्रत्येक आकृतीखाली, प्रत्येक रेघेखाली, थोडासा मजकूर आहे. या ग्रंथाचे नाव यी जिंग, म्हणजे पालटाचे शास्त्र. इंग्रजी वाचणारे त्याला आय चिंग म्हणतात. वेन राजाने बंदिवासात असताना या आकृत्यांचे अर्थ लिहिले, अशी परंपरा आहे. कन्फ्यूशियसचे नावही त्यावरच्या भाष्यांशी जोडतात. इसवी सनापूर्वी १३६ साली हान सम्राटाने मान्य केलेल्या पाच प्रमाणग्रंथांत याला स्थान मिळाले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, चौसष्ट हा आकडा कुठून आला, हे वर्गात सांगणे तुम्हांला अगदी सोपे आहे. आपण मुलांना वृत्ते शिकवतो, तेव्हा 'यमाताराजभानसलगा' पाठ करून घेतो. अक्षर लघु तरी असते नाहीतर गुरू. तीन तीन अक्षरांचे गण पाडले, तर गण आठच होतात. चिनी लोकांनी अखंड आणि तुटकी अशा दोन रेघा घेतल्या आणि तीन तीन रेघांचे गट पाडले. तेही आठच. एकावर एक असे दोन गट ठेवले, की आठ गुणिले आठ, चौसष्ट. सहा अक्षरांच्या चरणाचे लघुगुरूंचे प्रकारही चौसष्टच होतात. याचा अर्थ एकाने दुसऱ्याचे उचलले असा मुळीच नाही. दोन वस्तू हाती घेऊन सहा वेळा मांडल्या, तर दुनियेत कुठेही चौसष्टच प्रकार होणार. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स केवळ शून्य आणि एक या दोन अंकांवर सारे गणित उभारू पाहत होता. १७०३ साली चीनमधल्या एका पाद्र्याने पाठवलेल्या या चौसष्ट आकृत्या त्याच्या हाती पडल्या, तेव्हा त्याला आनंदाचे भरते आले. आजचे संगणक त्याच दोन अंकांवर चालतात.

आपल्याकडेही असा एक प्रकार होता. त्याचे नाव पाशककेवली. चार बाजूंचा फासा तीनदा टाकायचा. चार गुणिले चार गुणिले चार, पुन्हा चौसष्टच! प्रत्येक दानाचे फळ संस्कृतात सांगितलेले. १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य आशियात कुचा येथे एक जुने भूर्जपत्रांचे हस्तलिखित विकत घेतले. त्यात वैद्यकाच्या भागांबरोबर हे फाशांचे शकुनही आहेत. म्हणजे पाहा, आपला शकुनग्रंथ चीनच्या वाटेवरच्या एका गावात सापडला. प्रवासी माणसाच्या गाठोड्यात औषध आणि शकुन शेजारी शेजारी असत.

आता काड्यांऐवजी नाणी घेऊनही ही रेघ काढतात. तीन नाणी उडवायची. छाप्याला तीन, काट्याला दोन गुण. बेरीज सहा, सात, आठ किंवा नऊ येणार. विषम आली तर अखंड रेघ, सम आली तर तुटकी. तीन नाणी आठ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांत नऊ एकदा, सहा एकदा, सात तीनदा आणि आठ तीनदा. मुलांना फळ्यावर मांडायला लावा, त्यांना मौज वाटेल. यात चमत्कार कुठेही नाही. नाण्याला तुमच्या घरची अडचण ठाऊक नसते.

मग तुम्ही विचाराल, नाण्याला काही ठाऊक नसेल, तर हजारो वर्षे शहाण्यासुरत्या माणसांनी हा ग्रंथ जवळ का बाळगला? याचे उत्तर एका बाईच्या हकिकतीत आहे.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लू नावाच्या राज्यात मू ज्यांग नावाची राजमाता होती. तिने एका सरदाराशी संगनमत करून राज्यातल्या दोन बड्या घराण्यांना हुसकावण्याचा कट केला. कट फसला. तिला पूर्वेकडच्या वाड्यात बंदिवासात ठेवले. तिथे जाताना तिने काड्यांचा कौल घेतला. आकृती आली ती 'अनुसरण' नावाची. कौल पाहणारा म्हणाला, की बाईसाहेब, शुभ आहे, आपण लवकरच येथून बाहेर पडाल. पण ती बाई म्हणाली, की नाही. या आकृतीत दोष लागत नाही असे म्हटले आहे, ते ज्याच्या अंगी चांगुलपणा आहे त्याच्यासाठी. मी तर राज्यात गोंधळ माजवला. माझ्या अंगी त्यांतला एकही गुण नाही. मग हा कौल मला कसा लागू पडेल? मी येथेच मरणार. आणि तसेच झाले. इसवी सनापूर्वी ५६४ साली ती त्याच वाड्यात वारली. चिनी इतिवृत्तात हे सारे नोंदलेले आहे. त्याच लू राज्यात पुढे तेरा वर्षांनी कन्फ्यूशियसचा जन्म झाला.

वाचकहो, या बाईने काय केले ते ध्यानात घ्या. कौल चांगला आला होता. सांगणारा गोड बोलत होता. तिने तो कौल आरशासारखा धरला आणि त्यात स्वतःचे तोंड पाहिले. माझे पुढे काय होणार, हा प्रश्न तिने बाजूला सारला आणि मी काय केले, हा घेतला. हाडांच्या तड्यांत देवाची मर्जी शोधणाऱ्या राजापासून या बाईपर्यंत यायला सहाशेहून अधिक वर्षे लागली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शतकात शुन्झी नावाचा विचारवंत झाला. तो तर याही पुढे गेला. ज्याला हा ग्रंथ खरोखर उमगला, त्याला काड्या टाकायची गरजच उरत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. ग्रंथातच ठिकठिकाणी तशा खुणा आहेत. चौथी आकृती अजाण मुलाविषयी आहे. तिचा भावार्थ असा, की गुरूने शिष्याच्या मागे धावू नये, शिष्याने गुरूकडे यावे. आणि एकदा विचारले तर उत्तर मिळेल, तेच तेच दोनदा तीनदा विचारले तर मिळणार नाही. आपल्या मनासारखा कौल पडेपर्यंत पुन्हा पुन्हा कळ्या लावणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांना हे बोल लागू आहेत. अठ्ठेचाळिसावी आकृती विहिरीची आहे. गाव हलवता येते, विहीर हलवता येत नाही. आणि दोर आखूड पडला किंवा घागर फुटली, तर विहिरीत पाणी असूनही उपयोग नाही, असे ती सुचवते. ज्याने चैत्र-वैशाखात विहिरीवर दोर सोडला आहे, त्याला याचा अर्थ मी सांगायला नको.

युरोपात हा ग्रंथ खऱ्या अर्थाने पोहोचला तो १९२४ साली, रिचर्ड विल्हेल्म या जर्मन धर्मोपदेशकाच्या भाषांतरामुळे. त्याचे इंग्रजी रूपांतर १९५० साली निघाले. त्याला कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाची प्रस्तावना आहे. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत पुष्कळ लोक भविष्यासाठी नव्हे, तर आपले मन तपासण्यासाठी हा ग्रंथ उघडू लागले. युंगने योगायोगाविषयी काही सिद्धान्त मांडले. ते सर्वांनाच पटलेले नाहीत आणि तुम्ही ते मानलेच पाहिजेत असेही नाही. ते न मानताही आतली व्यावहारिक गोष्ट घेता येते.

ती कोणती, हे सांगण्यासाठी पुन्हा लालबागला येऊ. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे परळ, लालबाग, लोअर परळ हा भाग गिरणगाव झाला. कोकण आणि घाट येथून आलेली माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत आणि गावी पैसे धाडीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप लांबला, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या आणि पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. आज त्या चिमण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत.

आता समजा, त्या संपाचे वर्ष सरत आले आहे आणि लालबागच्या चाळीतला एक कामगार देवळात कौल लावायला गावी आला आहे. त्याचा प्रश्न आहे, मुंबईत राहू की गावी परत येऊ? गुरव म्हणेल, बाबा, असा प्रश्न चालत नाही. देव उजवा-डावा देतो. नीट एक गोष्ट विचार. मग त्याला विचार करावाच लागतो. गावी परत यावे का? पण गावची जमीन किती, कोणाच्या नावावर? धाकटा भाऊ आजवर ती कसत आला, तो काय म्हणेल? मुलगी परळच्या शाळेत आहे, तिचे काय? बायकोला विचारले का? हे सारे मनात मांडून झाले, की प्रश्न तयार होतो. आणि प्रश्न तयार झाला, की निम्मे उत्तर हाती आलेले असते. देवासमोर भाऊ, चुलते, शेजारी बसलेले असतात. जे घरात बोलवत नव्हते ते गाऱ्हाण्यात बोलले जाते.

आता कौल लागतो. समजा, डावा पडला. परत येऊ नकोस. तो क्षण महत्त्वाचा. त्याच्या मनाला हायसे वाटले, की पोटात गोळा आला? हायसे वाटले, तर त्याला मुंबईतच राहायचे होते. गोळा आला, तर त्याचे मन कधीच गावी परतले होते. कळी कोणत्या बाजूला पडली, यापेक्षा ती पडताना आपल्या मनात काय हलले, हे खरे उत्तर. ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ते फक्त विचारणाऱ्याला कळते, आणि तेही त्याने तिकडे लक्ष दिले तर. चिनी ग्रंथाचा आजचा उपयोग नेमका एवढाच आहे.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही, तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. कौल स्वतःविषयी असेल, तोवर तो आरसा आहे. तो दुसऱ्याविषयी विचारला, की त्याचे हत्यार होते. माझे दागिने कोणी चोरले? माझ्या गुराला कोणी करणी केली? अशा प्रश्नांना जिथे उत्तरे मिळू लागतात, तिथे एखाद्या गरीब म्हातारीचे, एखाद्या एकट्या विधवेचे जिणे नकोसे होते. तसेच आजाराचे. ताप उतरत नाही, साप चावला, पिसाळलेले कुत्रे चावले. येथे कौल नाही, दवाखाना. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करीत बसणे हा त्याने गुन्हा ठरवला. करणी केल्याचा आळ घेऊन कोणाला छळणे हाही गुन्हा आहे. कायदा तुमची पूजा, जत्रा किंवा नवस यांच्या आड येत नाही. देवाचे नाव पुढे करून माणसाला लुबाडणाऱ्याच्या आणि छळणाऱ्याच्या आड येतो.

मुंबईत हा विचार नवा नाही. गिरगावात प्रार्थना समाज नावाचा नाका आहे. बसवाला ते नाव पुकारतो, पण ते कशाचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी मंडळी त्यात होती. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती, तेव्हा कौलाचा प्रश्नच नव्हता. पण एक देव आणि एक उपासक, मध्ये कोणी नको, आणि प्रार्थनेच्या वेळी आपले मन आपणच तपासावे, असे त्यांचे म्हणणे होते. मला वाटते, माझगावच्या देवळातला चिनी खलाशी, लालबागचा चाकरमानी आणि गिरगावातले हे सुधारक यांच्या वाटा अगदी निराळ्या. पण तिघांनाही एकच अडचण होती. आपलेच मन आपल्याला नीट ऐकू येत नाही. त्याला बोलते करायला काहीतरी निमित्त लागते.

१९६२ च्या चीन-युद्धानंतर मुंबईतली पुष्कळ चिनी कुटुंबे देश सोडून गेली. माझगावचे देऊळ राहिले. चिनी नववर्षाला तिथे आजही उदबत्त्या लागतात. ज्यांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता, अशा माणसांवर नुसत्या चेहऱ्यावरून संशय घेतला गेला. दुसऱ्याविषयी कौल लावण्याचाच तोही एक प्रकार होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तर मग आपण काय करावे? काड्या आणाव्यात, की नाणी उडवावीत? काहीच नको. एक साधी वही घ्या. मोठा निर्णय समोर आला, जमीन विकायची, मुलाला शहरात धाडायचे, मुलीचे शिक्षण पुढे न्यायचे, कर्ज काढायचे, की आधी प्रश्न एका ओळीत लिहा. लिहिता आला नाही, तर अजून तो तुम्हांलाच कळलेला नाही. खाली आपल्याला काय वाटते ते लिहा. मग ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, त्यांच्याशी बोला. आणि वर्षाने वही उघडून खरोखर काय झाले तेही लिहा, चुकले असले तरी. शांग राजाने हाडावर कोरले, आपण कागदावर लिहू.

यी जिंगची त्रेसष्टावी आकृती 'काम पार पडले' या नावाची आहे. आपल्याला वाटेल, ग्रंथ तिथे संपावा. तसे नाही. शेवटची, चौसष्टावी आकृती आहे 'काम अजून पार पडलेले नाही'. तीत एक लहान कोल्हा नदी ओलांडतो आहे. पैलतीर अगदी जवळ आला आणि शेवटच्या क्षणी त्याची शेपटी भिजली. एवढा मोठा ग्रंथ संपतो तो पाण्यात उभ्या असलेल्या या कोल्ह्यापाशी. पुढची उडी त्याची त्यालाच घ्यायची आहे. आपलीही तीच गोष्ट.